बोटीचं पोट

पहाटे ५.३०

उठल्याबरोबर चूळ भरतो आणि पायात चपला सरकवून बोटीखाली जातो. तळाला तळहात टेकवतो. ओला लागतो. रात्रभराचं दव बोटीच्या पोटावरून ओघळून खाली कीलच्या टोकाशी थेंब थेंब गळत असतं. म्हणजे आणखी चार तास तरी रंगाचा डबा उघडायचा नाही. हातातलं घड्याळ यात कामाचं नाही, सकाळची पहिली वेळ मला हा तळहात सांगतो.

बोट ३४ फुटी, फायबरची, शिडाची. मांडवीच्या काठावर, दिवाडी बेटाच्या समोर, लोखंडी घोड्यांवर उभी आहे. मे महिन्याच्या शेवटी बाहेर काढली, पावसाळाभर ताडपत्रीखाली होती. आज नवरात्राची तिसरी माळ. कोजागिरीच्या उधाणाला तिला पाण्यात सोडायचं आहे. मधे बारा दिवस.

मी मूळचा अंकुशनगरचा. जालना जिल्हा, अंबड तालुका. समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तिथे फिटर होते. आमच्याकडे पाणी म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा आणि शहागडची गोदावरी. समुद्र मी पाहिला तो एकविसाव्या वर्षी. पण हे खरवडायचं काम मला समुद्राने शिकवलेलं नाही, ते कारखान्यात शिकलो. त्याबद्दल पुढे येईलच.

सकाळी ६.१५

चहा होईपर्यंत हिशेब. बोटीची पाण्याच्या रेषेवरची लांबी साडेआठ मीटर, रुंदी ३.३, खोली १.८. रुंदी आणि खोलीची बेरीज ५.१. तिला लांबीने गुणायचं आणि त्याचा पाऊण हिस्सा घ्यायचा. साडेबत्तीस चौरस मीटर येतात. एवढं हिचं पोट. एका लिटरात साधारण नऊ चौरस मीटर रंग बसतो, म्हणजे एका हाताला साडेतीन लिटरच्या वर, दोन हातांना सव्वासात. पाण्याच्या रेषेवर, सुकाणूवर आणि कीलच्या पुढच्या धारेवर तिसरा हात मारावा लागतो, कारण तिथेच पाणी सगळ्यात जास्त घासतं. आठ लिटर आणलाय. हा रंग महाग असतो आणि उरलेला वर्षभर टिकेलच असं नाही, म्हणून हिशेब आधी.

सकाळी ७.००

दोन पोरं येतात, मेस्त्री येतात. मेस्त्री मालवणकडचे, सत्तरीला टेकलेले. लाकडी होड्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फायबरच्या बोटीला ते अजूनही हात लावतात तो लाकडाला लावावा तसाच, बोटांच्या पेरांनी. कीलला ते पठाण म्हणतात आणि पुढच्या टोकाला नाळ. मीही आता तेच म्हणतो.

उजव्या बाजूचं सगळं खरवडून झालंय, इपॉक्सी प्रायमरचे चार हातही बसलेत. डाव्या बाजूला, मागे सुकाणूपाशी, दीड-दोन मीटरचा तुकडा खरवडायचा राहिलाय. तो आज संपवायचा.

खरवडणीचं पातं कार्बाइडचं असतं. ढकलायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. पात्याचे दोन्ही कोपरे मी आधी कानशीने गोल करून घेतो. कोपरा टोकदार राहिला आणि हात एकदा जरी तिरका पडला तरी रंगाखालच्या जेलकोटमध्ये चर पडतो, आणि तो चर भरण्यात अर्धा दिवस जातो. पोरांच्या हातात पातं देताना मी आधी त्याचे कोपरे बघतो.

या तुकड्यावर रंगाचे सात थर निघाले. वर काळा, खाली निळा, मग लाल, पुन्हा निळा, हिरवट, पुन्हा लाल आणि तळाशी राखाडी. दरवर्षी कोणीतरी जुन्याच रंगावर नवा हात मारून बोट पाण्यात सोडली होती. एका ठिकाणी लाल आणि निळ्याच्या मधे शंखांच्या तळाच्या पांढऱ्या चकत्या सापडल्या. ते शंख कोणी काढलेच नव्हते, तसेच वरून रंगवले होते. तिथला रंग नखाने उचलला तरी पापडासारखा निघतो. हे काम कोणी केलं ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. पण त्याच्यामुळे आमचे सहा दिवस गेलेत.

सकाळी ८.००

त्या चकतीकडे जरा जवळून बघू. करंगळीच्या नखाएवढी, गोल, मधून कडेकडे गेलेल्या बारीक रेषांची. हे बार्नॅकल. दिसायला शिंपल्याचा भाऊबंद, पण नात्याने खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. पिल्लू असताना ते पाण्यात पोहत असतं. जागा पसंत पडली की डोकं खाली करून तिथे चिकटतं, भोवती चुन्याची भिंत बांधतं आणि उरलेला जन्म उलटं राहून पायांनी अन्न आत ओढतं. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्यावर घालवली. मी मात्र त्याचा फक्त डिंक ओळखतो. वरचा शंख पात्याने सहज उडतो, खालची चकती जात नाही. ती भिजवून, हलक्या हाताने, एकेक करून काढावी लागते.

असे शंख आणि शेवाळ तळाला धरलं की बोट जड होते. वारा तेवढाच असतो, शीड तेवढंच असतं आणि बोट मात्र बरीच हळू चालते. सुकाणू हाताला उशिरा उत्तर देतं. लाकडी बोटीत तर आत शिरून लाकूड पोखरणारा जहाजकिडाही असतो. मेस्त्री सांगतात, त्यांच्या लहानपणी होडी ओढून वर घेतली की तळाला चुना आणि चरबी कालवून थापायचे आणि वरच्या लाकडाला मुशीचं तेल पाजायचे. त्या तेलाचा वास आठवडाभर अंगाचा जात नसे. त्या काळाच्याही कितीतरी आधी, १७६१ साली, इंग्रजांनी ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले आणि तांब्याजवळ शंख टिकत नाहीत हे पक्कं झालं. पुढे मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजंही तांब्याने मढवली गेली. त्यातलं ‘त्रिंकोमाली’, १८१७ सालचं, अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. आज आमच्या डब्यात जो लालसर रंग आहे त्याचं मुख्य द्रव्यही तांबंच आहे, क्युप्रस ऑक्साइड. पत्र्याच्या जागी भुकटी आली एवढंच.

मांडवीचं आणखी एक आहे. पावसाळ्यात नदीला इतकं गोडं पाणी येतं की खाऱ्या पाण्यातले शंख तळावरच मरतात. जुने खलाशी जहाजं मुद्दाम नदीत वर आणून ठेवायचे ते याचसाठी. पण पाऊस ओसरला की खारं पाणी परत आत येतं आणि त्याच्याबरोबर नवी पिल्लंही येतात. म्हणजे आत्ता, याच दिवसांत. रंगाशिवाय बोट पाण्यात सोडली तर दिवाळीपर्यंत तळ खरखरीत होईल.

सकाळी ९.१५

खरवडणं संपलं. आता पॉलिश पेपर, ८० नंबरचा, ओला. इथे माझा आवाज चढतो आणि तो चढायलाच हवा. हा रंग कोरडा घासायचा नाही. कधीच नाही. त्याची धूळ म्हणजे तांबं आणि विष, ती छातीत बसते, डोळ्यांत जाते, डब्यात पडते. पाणी मारत मारत घासलं की तिचा गाळ होतो आणि गाळ खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर पडतो. दोघा पोरांच्या तोंडाला नुसता रुमाल नाही, काडतुसाचा मास्क आहे, डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे. नवा आलेला पोरगा पहिल्या दिवशी मास्क काढून म्हणाला, “दादा, जीव घाबरा होतो.” मी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं, दहा मिनिटांनी पुन्हा मास्क दिला. तासाला दहा मिनिटं मास्क काढून बसायचं, हा तेव्हापासूनचा नियम. त्याने काम मागे पडलेलं नाही.

ताडपत्रीवरचा गाळ आणि खरवडलेले पापुद्रे पिंपात जातात. ते नदीत लोटायचं नाही. पूर्वी या रंगांत कथिलाचं एक संयुग असायचं, टीबीटी. शंख त्याच्या जवळ फिरकत नसत, पण फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीतली कालवं त्याने वेडीवाकडी झाली, माद्या गोगलगाईंना नराची इंद्रियं फुटली. फ्रान्सने १९८२ साली लहान बोटींवर त्याला बंदी केली, आणि जगभरच्या जहाजांना ती लागू व्हायला २००८ साल उजाडलं. तांबं त्याच्याइतकं वाईट नाही, पण निरुपद्रवीही नाही. या काठावर लोक ओहोटीला तिसऱ्या वेचतात. आमच्या पिंपातला गाळ त्यांच्या टोपलीत जाता कामा नये, एवढं तर आमच्या हातात आहे.

सकाळी १०.३०

धुऊन झालं. आता बोट उन्हात वाळते आणि मी उजव्या बाजूला जाऊन कालच्या प्रायमरवर हात फिरवतो.

इथे मला दरवेळी अंकुशनगर आठवतं. कारखाना बंद झाला की स्लॅक सीझन लागायचा, आणि आबांचं काम तेव्हा वाढायचं. इव्हॅपोरेटरच्या उंच उंच बॉड्या असतात, त्यांत शेकडो नळ्या उभ्या. उसाचा रस त्यांतून उकळत जातो आणि आतून खपली धरतो, चुन्याची, दगडासारखी. आधी कॉस्टिक सोडा उकळून ती मऊ करायची, मग फिरत्या ब्रशने एकेक नळी घासायची. नळी नळी घासून झाली की खाली एक जण बल्ब धरायचा आणि आबा वरून आत बघायचे. आतला उजेड सरळ, अखंड दिसला तर नळी साफ. कुठे सावली दिसली की पुन्हा ब्रश. मी दहावीनंतरच्या सुट्टीत त्यांना डबा द्यायला जायचो. एकदा त्यांनी मला वरून बघायला लावलं. मला सगळंच चकचकीत दिसलं. ते म्हणाले, “नीट बघ. डाव्या अंगाला अर्धचंद्र आहे.” होता. ती नळी पुन्हा घासली गेली. खपली राहिली की नळी उष्णता घेत नाही, रस उशिरा आटतो, बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जास्त जळतो. सगळा हंगाम त्या अर्धचंद्राचं भोगतो.

तोच बल्ब मी आता बोटीला तिरका लावतो. तळाशी समांतर धरलेला उजेड फुगवटा, खड्डा, राहून गेलेली चकती, सगळं सावलीने दाखवतो. डाव्या बाजूला अकरा जागा निघाल्या. खडूने गोल केले. त्यांतले दोन फोड पाण्याचे निघाले, टोचल्यावर व्हिनेगरसारखा वास आला. फायबरच्या आत पाणी मुरलं की असे फोड येतात. ते उघडून, धुऊन, वाळवून मगच भरायचे. आज ते फक्त उघडून ठेवले.

दुपारी १२.३०

जेवण. माझा नऊ दिवसांचा उपवास असतो. घरी आई घट बसवते, तिचं आता होत नाही म्हणून उपवास मी धरतो. डब्यात भगर आणि दाण्याची आमटी. मेस्त्री भगरीला वरी म्हणतात.

आमच्या अंबडला मत्स्योदरी देवी आहे. तिचा डोंगर माशाच्या आकाराचा, म्हणून ती मत्स्योदरी. नवरात्रात तिथे यात्रा भरते. लहानपणी आईचं बोट धरून मी पायऱ्या चढलोय. माशाच्या पोटाचं नाव असलेल्या देवीच्या गावाकडचा पोरगा बोटीच्या पोटाखाली आडवा पडून पोट भरतो, हे मी एकदा आईला सांगितलं. तिने काहीच आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाली, “तिनंच लावलं असंल कामाला.”

दुपारी १.४५

उजव्या बाजूला प्रायमरचा पाचवा आणि शेवटचा हात. त्याआधी मोजमाप. हवा ३० अंश, दमटपणा ७५ टक्के, म्हणजे दव धरायचं तापमान २५ च्या आसपास. बोटीचं अंग साडेएकोणतीस. अंग दवाच्या तापमानापेक्षा निदान तीन अंशांनी गरम हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यावर रंग बसतो आणि पुढच्या वर्षी पापडासारखा सुटतो. साडेचार अंशांचा फरक आहे. चालेल.

इपॉक्सीचे दोन डबे, मूळ आणि हार्डनर. मोजून मिसळायचे आणि थोडे थोडे. या उन्हात मोठा डबा एकदम कालवला की अर्ध्या तासात तो हातातच गरम होऊन घट्ट होतो. एक जण रोलर मारतो, दुसरा त्याच्यामागून कोरड्या ब्रशने अलगद ओढत बुडबुडे मोडतो. दोघांत हातभराचं अंतर. बोलणं बंद.

दुपारी ३.३०

चिकटपट्टी. पाण्याच्या रेषेवर, थोडी वर, एकच सलग. पाण्याखालचा आवाज ऐकून खोली सांगणाऱ्या यंत्राचं तोंड झाकलं. जस्ताचे तुकडे झाकले. खाऱ्या पाण्यात धातूला जी झीज लागते ती हे तुकडे स्वतःवर घेतात आणि प्रोपेलर वाचतो. त्यांच्यावर रंग लागला की ते नुसते बसून राहतात. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण रंगाऱ्याला कोरी जागा बघवत नाही.

समोर दिवाडीवर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ला निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. अभिलाष टॉमी त्याच बोटीवर नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ कुठेही न थांबता फिरून आले. मग ‘तारिणी’, तीही इथलीच. वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी २०१७-१८ मध्ये तिच्यावरून जग फिरून आल्या. या मोहिमांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, त्यांत शिडं होती, लाटा होत्या, हसरे चेहरे होते. मी ते फोटो बघताना पाण्याच्या रेषेच्या खाली बघायचा प्रयत्न करतो. दक्षिण महासागरात कोणी खाली उतरून खरवडू शकत नाही. तो तळ इथे, या नदीकाठी, कोणाच्या तरी हातांनी आधीच नीट झालेला होता.

दुपारी ४.४०

अंगठा लावून बघितला. प्रायमरवर ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही. हीच वेळ. आता मारलेला रंग प्रायमरला धरून बसतो. उशीर झाला, प्रायमर पूर्ण वाळला, तर पुन्हा सगळं घासावं लागेल.

डबा उघडला. वरती पातळ, लालसर पाणी, आणि तळाशी तांब्याचा दगड. मेस्त्री स्वतः ढवळायला बसतात. लाकडी फळीने, तळ खरवडून, पंधरा मिनिटं. एका पोराने विचारलं, एवढं कशाला. मेस्त्रींनी मान वर न करता सांगितलं, “रे झिला, पाण्याक फसवूक जमाचा नाय.”

पहिला हात लाल. दुसरा निळा असेल. वर्षभरानंतर निळ्यातून लाल दिसायला लागलं की समजायचं, रंग झिजत आला. हा रंग झिजण्यासाठीच असतो, पाणी त्याला रोज थोडं थोडं नेतं आणि रोज ताजं तांबं वर येतं.

संध्याकाळी ५.२०

अर्धी बाजू झाली होती. पूर्वेला, घाटाच्या बाजूला, ढग काळे झाले आणि गडगडलं. परतीचा पाऊस दुपारनंतर असाच येतो. थांबायचं की पुढे जायचं? थांबलो तर मधोमध सांधा पडेल आणि प्रायमर वाळेल. दोघांना रोलरवर ठेवलं आणि मी, मेस्त्री आणि शेजारच्या बोटीवरचे दोघे ताडपत्रीला लागलो. बोलवायची गरज पडली नाही, ते धावतच आले. दोऱ्या कठड्याला, खाली वाळूच्या गोण्या. शेवटचा पट्टा सुकाणूपाशी संपला तेव्हा टपटप सुरू झाली होती. पाऊस वीस मिनिटं पडला. ताडपत्रीच्या कडेला आम्ही सहाजण बोटीच्या पोटाखाली उकिडवे बसून होतो. एक थेंबही रंगावर आला नाही.

संध्याकाळी ६.३०

हात, मान, कान, सगळं धुतलं. मोजे फेकले. रोलर पिंपात. पोरं गेली. मेस्त्री जाता जाता भरतीचा हिशेब करतात: तिथीची पाऊणपट. आज तीज, म्हणजे सव्वादोन. कोजागिरीला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. हे ढोबळच, छापील तक्ता मी वेगळा बघतो. पण त्यांचं फारसं चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

रात्री ८.४५

आबांना फोन. कारखान्यांचे बॉयलर दसऱ्याच्या सुमारास पेटतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात अजून नळ्या असतात. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी. आज किती झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, उजवी बाजू, पहिला हात. डाव्या बाजूला अकरा खड्डे.

“बल्ब लावून पाहिलं का?”

“पाहिलं, आबा.”

“मग झोप आता.”

वहीत लिहिलं: लाल १.९ लिटर गेला. डाव्या बाजूचे फोड दोन, उघडे, चार दिवस वाळवणे. घोड्यांच्या पॅडखालच्या चार जागा आणि पठाणाचा तळ कोरा. त्या कोजागिरीला, बोट पट्ट्यांवर उचलल्यावर, पाण्यात सोडण्याआधी.